संकष्टीच्या दिवशी गच्चीवरचं इटालियन: आईला काय खायला घालू?

साडेआठची_स्लो:

मंडळी, अडचण विचित्र आहे. आधी हसून घ्या, मग मदत करा.

आईबाबांच्या लग्नाला फेब्रुवारीत ४० वर्षं होतायत. बहिणीने पुण्यात बसून परस्पर लोअर परळच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर, इटालियन रेस्टॉरंटात टेबल बुक करून टाकलं. पाच माणसं, संध्याकाळी साडेसात, 'सनसेट साइड'. आगाऊ पाच हजार भरलेत. ते परत मिळत नाहीत, बिलातून वळते होतात. मी खूश, बायको खूश. मग आईने भिंतीवरचं कालनिर्णय उलटलं आणि शांतपणे म्हणाली, "अरे, त्या दिवशी संकष्टी आहे."

माझ्या आईने पस्तीस वर्षांत एक संकष्टी चुकवलेली नाही. दिवसभर चहा आणि एखादं केळं. चंद्र दिसल्याशिवाय ताटावर बसत नाही. उपास सोडताना कांदा-लसूण नाही. अंडं तर कधीच नाही, केकच्या खोक्यावर 'एगलेस' लिहिलंय की नाही ते चष्मा लावून स्वतः वाचते. बाबा बेस्टच्या वीजपुरवठा खात्यातून रिटायर झालेत. त्यांना साखर आहे, आणि त्यांना सगळं चालतं. तीही एक अडचणच.

तारीख बदलता येत नाही, बहीण दोनच दिवस येतेय. आई म्हणते, "तुम्ही जेवा, मी घरी येऊन खाईन." म्हणजे लग्नाच्या चाळीसाव्या वाढदिवसाला आम्ही चौघं चीज ओढत बसणार आणि ती ग्लासातल्या पाण्याकडे बघत बसणार. ते मला नको आहे. त्या दिवशी चंद्रोदय ९:१८ ला आहे. अशा ठिकाणी तिला पोटभर, मनात शंका न येता काय खाता येईल? आणि चंद्र दिसेल का हो तिथून?

नुसतं_वाचतो:

पाच हजार सोडा, दादरला उडप्याकडे न्या. आई खूश, तुम्ही खूश. चंद्र फूटपाथवरून फुकट दिसतो.

गरम_तवा:

वरच्यांचा सल्ला व्यवहारी आहे, पण पाच हजार यांचे गेलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी अकरा वर्षं मुंबईत इटालियन किचनमध्ये काढली. सुरुवात कांदे सोलण्यापासून, शेवट पास्ता सेक्शनवर. आता कुडाळजवळ स्वतःची खानावळ आहे. इथे कोणी पास्ता मागितला तर शेवया देतो.

आधी टेबलाचं बघू. फेब्रुवारीत मुंबईत सूर्य साडेसहाच्या पुढेमागे मावळतो. तुमच्या ताईंनी साडेसातला 'सनसेट साइड' घेतलीय, म्हणजे काळोखाचे पैसे भरलेत! उद्याच फोन करा आणि दुसऱ्या पंगतीची वेळ मागा. अशा ठिकाणी रात्री दोन पंगती उठतात, दुसरी नऊ-सव्वानऊला बसते. आणि टेबल पूर्वेचं मागा. पूर्वेला बहुतेक ठिकाणी एसीचे पंखे घुरघुरत असतात किंवा किचनचं दार असतं. समुद्र नाही, म्हणून ते टेबल कोणी मागत नाही. ते आनंदाने देतील. कडेच्या टेबलाला 'इतक्याचं तरी खायलाच हवं' अशी अट असली तर तीही सोडवून घ्या.

आता खाणं. गच्चीवरच्या जेवणाचं एक गुपित आहे, बरेचदा मुख्य किचन वर नसतंच. ते खालच्या मजल्यावर. ताट भरलं की सर्व्हिस लिफ्टने किंवा जिन्याने वर येतं, पोरगा ते घेऊन टेबलांमधून वाट काढतो, आणि वर वारा. पास्ता पॅनमधून उतरला तेव्हाचा आणि तुमच्यासमोर आला तेव्हाचा, हे दोन वेगळे पदार्थ असतात. नुसत्या चीज-मिऱ्याचा तो रोमचा पास्ता, 'काचो ए पेपे', मी शेकड्यांनी केलाय. पॅनमध्ये सॉस मलईसारखा असतो. तीन-चार मिनिटं वाऱ्यात राहिला की चीज आवळतं आणि काट्याला सगळा पास्ता एका गोळ्यात उचलून येतो. लोक म्हणतात शेफला येत नाही. शेफला येतं हो, वाऱ्याला येत नाही. म्हणून गच्चीवर टोमॅटोच्या सॉसचं घ्या, किंवा भट्टीतून भाजून येणारं. लझान्याचा भांड्यासकट जाड तुकडा वीस मिनिटं गरम राहतो. पिझ्झे सगळे एकदम मागवू नका. एक येऊ दे, संपू दे, मग दुसरा.

आईंसाठी मार्गरिटा पिझ्झा. खऱ्या नेपल्सच्या मार्गरिटात कांदाही नाही आणि लसूणही नाही. कुस्करलेला कच्चा टोमॅटो, मीठ, मोझरेला, बेझिलची पानं, ऑलिव्ह तेल. भट्टी ४८५ अंशांच्या आसपास तापलेली, मिनिट-दीड मिनिटात तयार. घोळ आपल्याकडे होतो. इथे सकाळीच मोठ्या टोपात सॉस शिजवून ठेवतात, त्यात कांदा-लसूण परतलेला असतो आणि तोच सगळ्या पिझ्झ्यांवर जातो. म्हणून आदल्या दिवशी दुपारी साडेतीन ते पाचच्या मध्ये फोन करा, तेव्हा किचन मोकळं असतं. बुकिंगवाल्या मुलीशी नको, शेफशी बोला. सांगा, "एका पाहुण्यांसाठी सॉस वेगळा, कच्च्या टोमॅटोचा." करतात. दोन मिनिटांचं काम आहे.

टेबलावर वेटरला 'संकष्टी' समजावत बसू नका. 'जैन' म्हणा. मुंबईच्या कुठल्याही किचनमध्ये हा शब्द केओटीवर, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीवर, आला की कांदा-लसणाची पळी बाजूला होते. फक्त जैन म्हटलं की बटाटाही जातो, तेव्हा बटाट्याची न्योकी मिळणार नाही. तशीही नकोच, तिच्या पिठात बरेचदा अंडं असतं. ताज्या पास्त्यातही अंडं असतं. पाकिटातला सुका पास्ता नुसता रवा आणि पाणी, तो चालेल. तिरामिसूत अंडं. पन्ना कोत्ता दिसते आपल्या दुधाच्या पदार्थासारखी भाबडी, पण ती जिलेटिनवर उभी असते आणि जिलेटिन हाडा-कातड्यातून येतं. पेस्तोच्या हिरव्या चटणीत लसूण.

राहिलं चीज. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, तसा त्यांचा नियमच आहे. आपल्याकडे हॉटेलांत बरेचदा देशी कडक चीज वापरतात, ते शाकाहारी रेनेटचं असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायला मागा. लाजू नका, मला रोज चार जण मागायचे.

आणि शेवटचं, हे चेष्टेत लिहीत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवर लागलेल्या आगीत १४ माणसं गेली. त्याच लोअर परळात. मी तेव्हा तिथून दोन गल्ल्या पलीकडे कामाला होतो. गच्चीवर गेलात की टेबलावर बसायच्या आधी जिना कुठे आहे ते बघा. लिफ्ट नव्हे, जिना. दार उघडतंय का तेही.

साडेआठची_स्लो:

गरम_तवा, लोटांगण. सनसेटचं ताईला सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाहीये.

आईने तुमचं सगळं वाचून घेतलं, माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं म्हणजे. तिची एकच शंका: बेझिल म्हणजे तुळसच ना? गणपतीला तुळस वाहत नाहीत, मग संकष्टीच्या ताटात कशी?

गरम_तवा:

आईंना सांगा, तो सब्जा. फालुद्यात ज्याचं बी घालतो तेच झाड. तुळशीच्या घराण्यातलं, पण तुळस नव्हे. माझ्या पहिल्या शेफने बेझिल दाखवलं तेव्हा मीही हात जोडले होते.

पंचांग_आणि_दुर्बीण:

चंद्राबद्दल थोडं. कालनिर्णयातली वेळ ही चंद्र क्षितिजावर येण्याची. मोकळं क्षितिज मुंबईत कोणाच्या नशिबात आहे? साध्या सोसायटीत तो समोरच्या इमारतीच्या डोक्यावर यायला अर्धा-पाऊण तास जातो. उंच गच्चीचा फायदा इथेच, इमारती खाली राहतात. बाकी उंचीमुळे चंद्र खूप आधी दिसतो असं लोक समजतात, तसं नाही. १२० मीटर उंचीवर क्षितिज अंशाच्या एक तृतीयांशाइतकं खाली जातं, म्हणजे वेळेत फरक मिनिट-दीड मिनिटाचा.

पौर्णिमेनंतर चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटं पुढे सरकतो, म्हणून चतुर्थीला तो नऊच्या आसपास जातो. उगवतो पूर्वेला, तेव्हा पूर्वेच्या टेबलाचा सल्ला शंभर टक्के बरोबर. फेब्रुवारीत मुंबईच्या पूर्वेला धुरकं असतं, पहिली दहा-पंधरा मिनिटं चंद्र विटकरी आणि मळका दिसेल. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या एखाद्या क्रेनच्या लाल दिव्याला नमस्कार करतील.

मिलानची_सून:

चौदा वर्षं मिलानमध्ये आहे, म्हणून राहवलं नाही.

आधी आईंना दिलासा. साडेनऊला जेवणं इथे अजिबात उशिराचं नाही. संध्याकाळी साडेसातच्या आधी बरीच रेस्टॉरंटं दारच उघडत नाहीत. त्यामुळे संकष्टी आणि इटली यांची वेळ पंचांगापेक्षा जास्त जुळते.

इथे गच्चीचं प्रकरण दुओमोभोवती, म्हणजे इथल्या मोठ्या कॅथेड्रलभोवती. कॅथेड्रलला चिकटून असलेल्या रिनाशेंते या डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावर बसलं की दुओमोचे दगडी सुळके हाताला लागतील इतके जवळ दिसतात. सगळ्यात वर सोनेरी मादोन्निना, म्हणजे मेरीची मूर्ती. तिच्यापेक्षा उंच काही बांधायचं नाही असा इथला जुना रिवाज. पिरेल्ली टॉवर तिच्यावर गेला तेव्हा त्याच्या माथ्यावर तिची छोटी प्रतिकृती बसवली, म्हणजे तीच वर राहिली. माझ्या सासूबाईंना ही युक्ती फार आवडली. "आपल्याकडे असते तशीच पळवाट," म्हणाल्या.

सासूबाईंना (त्या साताऱ्याच्या, माळकरी) इथे जेवायला नेताना मी चीजच्या बाबतीत पोळले आहे. ग्राना पादानो हे कडक चीजसुद्धा वासराच्या रेनेटचंच. आणि एक सापळा गरम_तवा सांगायला विसरले: भोपळ्याच्या फुलांची भजी, 'फ्योरी दी झुक्का'. मेनूवर वाचलं की मराठी माणूस विरघळतो. आत मोझरेलासोबत अँचोव्ही मासा भरलेला असतो. सासूबाईंनी अर्धं भजं खाल्लं होतं. पुढचं लिहीत नाही.

गरम_तवा:

अँचोव्ही! चुकलोच. त्या भज्यांवर मी स्वतः दोन वर्षं होतो आणि नेमकं तेच राहिलं.

साडेआठची_स्लो:

जाऊन आलो. उशिरा लिहितोय, पण ज्यांनी मदत केली त्यांना कळायला हवं.

आईने संध्याकाळी घरीच आरती आणि मोदकांचा नैवेद्य केला आणि साडेसातची गाडी पकडून आम्ही डोंबिवलीहून निघालो. तिच्या पर्समध्ये स्टीलची छोटी डबी होती. मी विचारलं नाही.

वर पोचलो नऊला. टेबल पूर्वेचं, किचनच्या दारापासून चार पावलांवर. दार उघडलं की लसणाचा भपकारा, बंद झालं की वारा. बाबा बसलेच नाहीत. गरम_तवा, तुमची पोस्ट त्यांनीही वाचली होती. थेट जिना शोधायला गेले. जिन्याच्या दाराशी जादा खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मॅनेजर म्हणाला, "सर, पाच मिनिटांत काढतो." बाबा म्हणाले, "मी पाच मिनिटं इथेच उभा आहे." आणि उभे राहिले. खुर्च्या निघाल्या. मग त्याच मॅनेजरला त्यांनी विचारलं, "मंजूर लोड किती किलोवॅटचा आहे तुमचा?" पोराने आकडा सांगितला, बाबांनी वर टांगलेल्या दिव्यांच्या माळा मोजायला सुरुवात केली. बहिणीने त्यांचा हात धरून खाली बसवलं.

आदल्या दिवशी चार वाजता शेफशी बोललो होतो, त्यामुळे आत निरोप होता. आईचा मार्गरिटा चंद्र दिसल्यावरच भट्टीत टाका, हे वेटरला तीनदा सांगितलं. तो नागपूरचा निघाला. म्हणाला, "दादा, माझी आई पण करते. तुम्ही इशारा करा, मी आत ओरडतो."

९:१८ झाले. काही नाही. साडेनऊ. पूर्वेला एक टॉवर अर्धवट बांधलेला, त्यावर क्रेन, क्रेनवर लाल दिवा. दुर्बीणवाल्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, आईचे हात खरंच त्या दिशेने निघाले होते. ९:३६ ला त्या टॉवरच्या डाव्या अंगाने तो वर आला. विटकरी रंगाचा, एका बाजूने दबलेला. शेजारच्या टेबलावरची मुलं फोटो काढायला लागली.

आता अर्घ्य. आईने पाण्याची बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि फस्स! २८० रुपयांचा बुडबुड्यांचा सोडा. वेटरने 'स्पार्कलिंग' विचारलं होतं आणि बायकोने 'हो' म्हटलं होतं. आई म्हणाली, "चंद्राला सोडा?" मग दुसरी बाटली आली, साधी, तीही २८०ची. तिने कठड्याजवळच्या कुंडीत, रोझमेरीच्या मुळाशी, तीन ओंजळी पाणी सोडलं. नागपूरच्या पोराने तोवर आत ओरडून टाकलं होतं.

पिझ्झा सातव्या मिनिटाला आला. कडा फुगलेल्या, काही ठिकाणी काळे डाग. आईला ते करपलेलं वाटलं, "भाकरीला पडतात तसे" म्हटल्यावर पटलं. मग तिने वरचं पान उचललं, बोटांत चुरडलं, वास घेतला. "सब्जाच रे हा. आमच्या विहिरीपाशी होता." विहीर तिच्या माहेरची, गुहागरकडची, बुजवून वीस वर्षं झाली. मग काटा-सुरी बाजूला ठेवून तिने हाताने घडी घालून खाल्लं. सहातले पाच तुकडे. सहावा तिने बाबांना दिला. खरं तर बाबांनी तो आधीच उचलला होता.

आमचं म्हणाल तर लझान्या तुम्ही म्हणालात तसा शेवटपर्यंत गरम राहिला. बायकोने हट्टाने तो चीज-मिऱ्याचा पास्ता मागवायला सांगितलं, मी तुमचा गोळ्याचा किस्सा सांगितल्यावर रद्द केला आणि मग घरी येईपर्यंत "एकदा खाऊन बघायला हवा होता" चालू होतं.

बिल: खाणं-पिणं ८,३६० रुपये, त्यात ते दोन बाटल्यांचे ५६० आलेच. त्यावर १० टक्के सेवा शुल्क, ८३६ रुपये, गुपचूप लावलेलं. ते आपोआप लावता येत नाही, २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. मी एवढंच म्हटलं, "हे काढा." एक शब्द न बोलता काढलं, म्हणजे त्यांनाही माहीत आहे. ५ टक्के जीएसटी धरून ८,७७८ झाले, आगाऊचे वजा जाऊन ३,७७८ भरले. त्या नागपूरच्या पोराच्या हातात वेगळे दिले.

उठताना आईने पर्समधली डबी काढली. आत दोन मोदक, उकडीचे, एव्हाना थंडगार. मी म्हटलं, "आई, इथे बाहेरचं खायला परवानगी नसते." ती म्हणाली, "मी कुठे खातेय?" आणि डबी त्या पोराच्या हातात ठेवली. एक तुला, एक आत ओरडल्यावर ज्याने ऐकलं त्याला.

करी रोडवरून साडेअकराच्या सुमाराची स्लो मिळाली. मुलुंड आलं तरी बाबा त्या दिव्यांच्या माळांचे वॅट बोटांवर मोजत होते.

गरम_तवा:

डबी परत आली का?

साडेआठची_स्लो:

नाही ना. आई रोज विचारते.